चावणं म्हणजे नक्की काय? अप्पा म्हणतात, "पोट भरतंय पण जेवल्यासारखं वाटंना"

कडकभाकरी

मंडळी, विषय जरा चमत्कारिक आहे, हसू नका. माझे वडील, वय ७१, मूळचे सोलापूरचे, सध्या माझ्याकडे पिंपरीत राहायला आलेत. दातांची कंप्लेंट जुनीच होती, मागच्या महिन्यात उरलेसुरले नऊ दात पण काढून टाकले, आता हिरड्या नीट भरून आल्या की कवळी, म्हणजे अजून दोनेक महिने बोळक्या तोंडाने काढायचे आहेत. डॉक्टर म्हणाले मऊ द्या, पातळ द्या. मी आपली इमानेइतबारे रोज भाकरी भाजी आमटी थोडा भात सगळं मिक्सरमधून काढून वाडग्यात देते. घरात आम्ही जे जेवतो तेच, मीठमसाला तोच, तेलाची फोडणी पण तीच. वजन उतरलेलं नाही, शुगर ठीक आहे.

पण रोज वाडगा रिकामा झाला की एकच वाक्य. "पोट भरतंय गं, पण जेवल्यासारखं वाटंना." आणि तासाभराने स्वयंपाकघरात डबे उघडून बघत उभे. आधी मला राग यायचा, म्हणलं आता वयाप्रमाणे हट्ट सुरू झालाय. मग काल रात्री मी स्वतः तो वाडगा खाऊन बघितला आणि खरंच सांगते अर्धा झाल्यावर पुढे जाईना. वाईट नव्हतं लागत, पण कंटाळा आला. जेवणाचा कंटाळा!

तर प्रश्न असा की अन्न तेच असेल तर दाढेने चावलं काय आणि मिक्सरने चावलं काय, पोटात जाऊन होणार तेच ना? मग चावण्यात असं काय आहे जे मिक्सरमध्ये नाही? आणि ते एक घास बत्तीस वेळा वगैरे खरं आहे का, लहानपणी अप्पाच आम्हाला ताटावर बसून मोजायला लावायचे.

निवांत_नाना

बत्तीस दात म्हणून बत्तीस वेळा. आमच्या वडिलांनी सांगितलं, आम्ही पोरांना सांगितलं. अन्न प्यावं आणि पाणी खावं, सगळे रोग पळतात.

सहा_मिनिटांत_ताट

नाना, रोग पळत असते तर दवाखाने ओस पडले असते. मी शिफ्टमध्ये काम करतो, कँटीनला रांगेसकट वीस मिनिटं मिळतात, त्यातली जेवायला सहा. वरणभात काय चावायचा हो, तो गिळायलाच केलाय. चोवीस वर्षं असाच जेवतोय, काही झालेलं नाही. ताई, तुमच्या अप्पांना सवय नाहीये इतकंच, महिन्याभरात होईल.

(ॲसिडिटीची गोळी रोज घेतो पण ती नाईट शिफ्टमुळे आहे.)

दाढदुखी_तज्ज्ञ

कंसातलं वाक्य वाचून हसले. मी दातांचीच डॉक्टर आहे, पण ताई, अप्पांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना काय द्यायचं काय नाही ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. बाकी तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण पेशंट हेच वाक्य बोलतात आणि आम्ही "होईल सवय" म्हणून पुढच्या पेशंटला बोलावतो.

चावणं म्हणजे नुसतं बारीक करणं असतं तर मिक्सरने काम भागलं असतं. पण घास तोंडात गेला की बघा काय काय चालतं, पटाशीच्या दातांनी तुकडा तोडला, जिभेने तो दाढेखाली सरकवला, दाढेतून निसटला की गालाने परत आत लोटला, तेवढ्यात लाळ मिसळतेय, जीभ मधूनमधून चाचपून बघतेय की अजून भरड आहे का, काटा आहे का, खडा आहे का, आणि सगळं ओलं गुळगुळीत होऊन एक गोळा झाला की मग गिळायचं. लाळ दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर सुटते. तिच्यातलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य पिठूळ पदार्थाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं, खोटं वाटत असेल तर नुसती पोळी मिनिट-दीड मिनिट चावत राहा, गोडसर लागायला लागते. मात्र "अर्धं पचन तोंडातच होतं" असं जे फॉरवर्ड फिरतं ते खरं नाही. पिठाचं मुख्य पचन पुढे लहान आतड्यात होतं, स्वादुपिंडाच्या रसाने. म्हणूनच तर मिक्सरचं खाऊनही तुमच्या अप्पांचं वजन टिकलंय. पोषणाच्या हिशेबात तुम्ही काही चुकत नाही आहात.

चुकतंय ते चवीच्या हिशेबात. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो, आणि तो पुढून नाकाने घेतलेला नाही तर चावताना घशामागून नाकात चढणारा. सर्दीत जेवण मातीसारखं लागतं ते त्यामुळे. दाढ एकेक तुकडा फोडते तसा वास हप्त्याहप्त्याने सुटत जातो, आत्ता शेंगदाणा, मग लसूण, मग परत भाकरी. मिक्सरमध्ये हे सगळे हप्ते एकदम फुटतात, बराच वास किचनमध्येच उडून जातो आणि वाडग्यातला पहिला चमचा आणि विसावा चमचा अगदी सारखा. तुम्हाला आलेला कंटाळा हाच.

दुसरं, जे लोकांना माहीत नसतं. दात हाडात सिमेंट लावून बसवलेला नसतो, मुळाभोवती एक पातळ तंतूंचा पडदा असतो आणि त्यात स्पर्श कळणारे मज्जातंतू असतात. भातातला केस किंवा पालकातली कचकच दाताखाली लगेच कळते ती त्याच्यामुळे. दात काढला की तो पडदाही गेला. कवळीला तो नसतो, इम्प्लांटला, म्हणजे हाडात स्क्रूने बसवलेल्या दातालासुद्धा नसतो. शिवाय वरची कवळी टाळू झाकते म्हणून गरम-गार, खरखरीत-मऊ हे आणखी कमी कळतं. म्हणजे अप्पांना कवळी बसली तरी पहिले काही आठवडे हीच तक्रार राहील, तेव्हा चिडू नका.

एक सोपी गोष्ट करून बघा. मिक्सर लावायचाच तर पदार्थ वेगवेगळे फिरवा आणि ताटात वेगवेगळे वाढा, आणि सगळ्याला मिक्सर कशाला? मऊ खिचडी, भोपळ्याची भाजी, उकडलेला बटाटा, केळं हे जखमा भरल्यावर नुसत्या हिरडीने आणि जिभेने कुस्करता येतं. तीळ, खसखस, दाण्याची भरड असलं मात्र आत्ता नको, जखमेत जाऊन बसतं.

शब्दवेडा

डॉक्टरांनी शरीर सांगितलं, मी शब्द सांगतो. मराठीत आपण कुत्रा चावला म्हणतो, डास चावला म्हणतो, नवी चप्पल चावते म्हणतो आणि शेंगदाणे पण चावूनच खातो, हिंदीत मात्र काटना आणि चबाना वेगळे आहेत. म्हणजे आपल्याकडे इजा करणं आणि जेवणं एकाच क्रियापदात! पण त्याच्या शेजारी बघा केवढी भावकी आहे. चघळणे म्हणजे दाताचं काम कमी, जिभेचं जास्त, घाई अजिबात नाही. चोखणे, त्यात दात लागतच नाहीत. कुरतडणे उंदराचं. आणि बकाबका खाणे, ज्यात चावणं गाळलेलं असतं (सहा मिनिटवाले, राग नसावा).

जुन्या लोकांनी तर अन्नाची वाटणीच तोंड काय करतं यावरून केली. गीतेच्या पंधराव्या अध्यायात चतुर्विध अन्न म्हटलंय, त्याचा अर्थ टीकाकार भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य असा लावतात. आपल्या ताटात लावून बघा, भाकरी चावायची, मऊ भात फारसा न चावता खायचा, श्रीखंड चाटायचं, शेवग्याची शेंग चोखायची. म्हणजे पदार्थ गव्हाचा की तांदळाचा हा प्रश्नच नाही, तोंडाला काम कोणतं हा प्रश्न. ताई, तुमच्या वाडग्यात या चारातला एकच प्रकार उरलाय आणि अप्पांनी नेमकं तेच ओळखलंय.

अजून एक. काव्यशास्त्रात रस, म्हणजे कवितेतली-नाटकातली गोडी, कशी घ्यायची हे सांगताना अभिनवगुप्त या काश्मिरी आचार्याने शब्द वापरला चर्वणा. रसचर्वणा. रस गिळता येत नाही, चावावा लागतो. आणि त्याच धातूपासून चर्वितचर्वण, म्हणजे चावलेलंच परत चावणं, जे मी आता करायला लागलोय म्हणून थांबतो.

गोठा_नंबर_एक

चावलेलंच परत चावण्याला नावं ठेवू नका राव, आमचा धंदा त्याच्यावर चालतो 😀

माझ्याकडे चौदा जनावरं आहेत. गाय चारा खाताना नीट चावत नाही, भराभर आत टाकते. वरच्या जबड्याला पुढचे दातच नसतात तिला, नुसती टणक हिरडी. मग निवांत बसली की एकेक घास परत तोंडात आणून रवंथ करते, दिवसाचे सातआठ तास. सकाळी गोठ्यात गेलो की मी आधी तोंडं बघतो, कास नंतर. जे जनावर रवंथ करेना त्याला काहीतरी झालेलं असतं, बाकी लक्षणं दिसायच्या आधी हे दिसतं.

आता मिक्सरवरून आठवलं म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी चारा महाग झाला तेव्हा मी शहाणपणा केला, कडबा कमी केला आणि भरडा, पेंड वाढवली. म्हणलं ताकद तर खुराकातच आहे. आठ दिवसांत दुधाची फॅट पडली, दोन गाया सुस्त, शेण पातळ. डॉक्टर आले, म्हणाले अहो तुम्ही यांना चावायलाच काही ठेवलं नाही. चावलं की लाळ सुटते, गायीला दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ लागते आणि त्या लाळेत सोडा असतो, तो पोटातलं आम्ल मारतो. पीठ गिळलं, रवंथ थांबला, लाळ आटली, पोट आंबलं. परत लांब कडबा सुरू केला तेव्हा गाडी रुळावर आली.

माणसाला चार कप्प्यांचं पोट नाही हे मला माहीत आहे, डॉक्टरबाई ओरडू नका.

कडकभाकरी

अहो काय काय सांगताय तुम्ही लोक. गोठावाले दादा, तुमचा मेसेज अप्पांना वाचून दाखवला, म्हणाले "बघ, गाईला पण कळतं." आता मला घरात शांतता नाही.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. अप्पांना दात असताना तंबाखूची सवय होती, दहा वर्षांपूर्वी सुटली. आता म्हणतात निदान एक सुपारीचं खांड तरी तोंडात ठेवू दे, चघळायला काहीतरी पाहिजे. द्यावं का?

दाढदुखी_तज्ज्ञ

अजिबात नाही. तंबाखू सुटली हे फार मोठं काम केलंय त्यांनी, सुपारी नको. लोकांना वाटतं तंबाखू वाईट आणि सुपारी निरुपद्रवी, पण नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक म्हणून धरलेली आहे. सुपारी खाणाऱ्यांचे गाल आतून कडक होत जातात, पट्टे येतात, तोंड उघडेनासं होतं, शेवटी दोन बोटं पण आत जात नाहीत. माझ्याकडे पंचवीस वर्षांची पोरं येतात, दात सगळे शाबूत पण घास घ्यायला तोंडच उघडत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि त्यानंतर जन्मलेली मुलं आता कोपऱ्यावर काय खातात ते सांगायला नको. तोंडाला चाळा म्हणून चावणं आणि जेवण म्हणून चावणं यातला हा फरक, एकाने तोंड बंद होतं, दुसऱ्याने चालतं. चघळायलाच हवं असेल तर खडीसाखर म्हणाले असते, पण शुगर बघा. नाहीतर आवळा किसून मीठ लावून, तोही जखमा भरल्यावर, नाहीतर झोंबेल.

हिशेबनीस

बत्तीसच्या नियमाचं कोणी बोललंच नाही. साधा हिशेब करा, एका जेवणात साठ घास धरा, गुणिले बत्तीस, १९२० वेळा चावणं. सेकंदाला एक धरलं तर १९२० सेकंद म्हणजे बरोबर बत्तीस मिनिटं नुसती चावण्यात. सहा मिनिटवाल्यांची त्यात पाच जेवणं बसतील.

हा आकडा विलायतेतही चालायचा, तिथे तो पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या नावावर खपवतात. सगळ्यात पुढे गेला तो होरेस फ्लेचर नावाचा अमेरिकन (१८४९–१९१९). वजन जास्त म्हणून विमा नाकारला गेला आणि हा चावायला लागला. त्याचं म्हणणं, घास पाणी होऊन आपोआप घशाखाली उतरेपर्यंत चावायचं, दूध आणि सूप पण तोंडात घोळवायचं. एका छोट्या कांद्याच्या तुकड्याला ७२२ वेळा चावावं लागलं असं तो सांगायचा. मोठमोठे लोक त्याच्या नादी लागले होते, कल्पना करा त्या पंगतीची, कोणी बोलतच नाहीये. जपानच्या आरोग्य खात्याने पण २००९ मध्ये घासाला तीस वेळा चावा अशी मोहीम काढली होती, त्यामागे निदान हळू खाल्लं की कमी खाल्लं जातं हे कारण तरी होतं.

पण मला विचाराल तर एकच आकडा सगळ्या घासांना लावणं हाच वेडेपणा आहे. दहीभाताला बत्तीस वेळा चावलं तर तोंडात उरतं काय? आणि हुरड्याला बत्तीस कमी पडतील. मोजायचं कशाला, गिळण्यासारखं झालं की तोंडालाच कळतं.

आणि ताई, "चावलं काय मिक्सर केलं काय, पोटात तेच" हे शंभर टक्के बरोबर नाहीये बरं का. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला साधारण १२९ कॅलरी मिळतात, पाकिटावरचा हिशेब मात्र १७० च्या आसपास. कारण आपण बदाम कितीही चावले तरी बऱ्याच पेशी न फुटता तशाच बाहेर पडतात, तेल आतच राहतं. नंतर त्यांनीच बदामाचं बटर तपासलं तर त्यातून जवळजवळ पूर्ण कॅलरी मिळाल्या. म्हणजे मूठभर शेंगदाणे आणि त्याच मुठीचं अगदी बारीक कूट, हे पोटाला एकच असेल असं मी तरी आता धरत नाही. तुमच्या अप्पांच्या शुगरवर मिक्सर चालू असेपर्यंत लक्ष ठेवा एवढंच.

सहा_मिनिटांत_ताट

माझ्यावर फारच घसरताय सगळे. बरं, काल मुद्दाम हळू जेवलो. अकरा मिनिटं लागली. कँटीनच्या डाळीत लसूण असतो हे चोवीस वर्षांनी कळलं. एवढंच सांगायला आलो.

माजघर

सगळं वाचलं. मला माझी आजी आठवली. तिला एकही दात नव्हता आणि कवळी तिने कधी लावलीच नाही, डबीत ठेवलेली असायची. पण जेवणानंतर विडा लागायचाच. तिच्याकडे एक लोखंडी खल होता, मुठीएवढा, त्यात ती पान, कात, चुना, जरा बडीशेप टाकून टकटक टकटक कुटत बसायची, दहा मिनिटं तरी. मग बोटाने काढून गालात ठेवायची. आम्ही पोरं म्हणायचो आजी आम्ही कुटून देतो, तर द्यायची नाही. आईने एकदा मिक्सरच्या छोट्या भांड्यात करून दिलं, तिने वास घेतला आणि तुळशीत टाकलं.

मला आता वाटतं ती कुटायची तेच तिचं चावणं होतं. ताई, अप्पांच्या हातात मिक्सर न देता खलबत्ता देऊन बघा.

दाढदुखी_तज्ज्ञ

हे भारी आहे. कुस्करण्याचं काम त्यांनाच करू द्या, हाताने, वाटीने, कशानेही. दातांच्या जागी हात. आणि माणसाने हे फार पूर्वीच केलंय, चिंपांझी दिवसाचे सहाएक तास चावण्यात घालवतो, आपलं तासाभरात उरकतं ते चुलीमुळे आणि पाटा-वरवंट्यामुळे.

कडकभाकरी

अपडेट देते, दहा दिवस झाले.

मिक्सर बंद केला, म्हणजे जवळजवळ. डॉक्टरांना विचारलं, जखमा भरल्यात, मऊ घास चालेल म्हणाले. आता ताट वाढते, वाडगा नाही. आमटी वेगळी, भोपळ्याची भाजी वेगळी, भात गुरगुट्या. आमटीत शेवग्याच्या शेंगा टाकल्या (शब्दवेडा यांची कृपा), तर एक शेंग दहा मिनिटं चोखत बसले होते आणि चोथ्याची रास बघून नातू म्हणाला आजोबा जिंकले.

खरी गंमत परवा झाली. गावाकडून कोणीतरी कडक भाकरीची चवड पाठवली होती, मी लपवून ठेवली होती कारण त्या पापडासारख्या कडक भाकरीने हिरडीला लागायचं. अप्पांनी शोधली. मी ओरडणार तेवढ्यात बघितलं तर त्यांनी ताटात तिचा चुरा केला होता, दोन्ही हातांनी, कडाकडा मोडून, आणि त्यावर गरम आमटी ओतून ताट झाकून ठेवलं होतं. पंधरा मिनिटं झाकण उघडू देईनात. मग घास घेतला, डोळे मिटून तोंडात घोळवत होते, जबडा अगदी चावल्यासारखा हलत होता जरी चावायला काही नव्हतं तरी. अर्धा तास जेवले. मी मुद्दाम विचारलं, जेवल्यासारखं वाटलं का. तर म्हणाले, "चटणी कुठाय?"

शेंगाचटणी! डॉक्टरांनी भरड नको म्हणून सांगितलंय. दह्यात मिक्सरमधून एकदम गंध वाटून दिली तर बोट लावून बघितलं आणि म्हणाले ही सोलापूरची नाही. आहे हो, पाकिटावर लिहिलंय.

निवांत_नाना

मिक्सरमधून काढली की कुठलीच सोलापूरची राहत नाही. ती उखळात कुटलेली पाहिजे, तेल सुटेपर्यंत. तुमचे अप्पा बरोबर बोलतायत.

गोठा_नंबर_एक

नाना पहिल्यांदा पटलं तुमचं. ताई, कडक भाकरीची चवड कुठून मागवली तेवढं सांगा, आमच्या इकडे मिळत नाही.